प्रवासाचा शेवटचा दिवस

प्रवासाचा शेवटचा दिवस आपण कसा घालवता, वाचकहो? पुष्कळ कुटुंबांत तो सामान बांधण्यात आणि राहून गेलेल्या खरेदीत सरतो. शेजारणीसाठी काय घ्यायचे, बॅगेचे झाकण बसेल की नाही, या विवंचनेत संध्याकाळची गाडी येते आणि पाहिलेले सारे मागे पडते. हा दिवस एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवावा, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठ दिवस चेन्नईच्या पश्चिमेस अंबत्तूर येथे बहिणीकडे राहिलो. तिचे यजमान तेथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. कांचीपुरम् झाले, महाबलिपुरम् झाले. नवव्या दिवशी रात्रीची गाडी होती. बहिणीच्या मनात रेशमी साड्यांची खरेदी होती. पण आईने निराळाच प्रश्न काढला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा आठ वर्षांची आई आपल्या वडिलांचे बोट धरून तेथे उभी होती. ती म्हणाली, "आठ दिवस गोपुरे पाहिली. या मुलखात बुद्धाचे कोणी नव्हते काय?"

सकाळी आम्ही अंबत्तूरहून लोकलने निघालो. कोरट्टूर, विल्लिवाक्कम, पेरांबूर ही स्थानके मागे टाकीत सेंट्रलला उतरलो आणि एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात गेलो. १८५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट यांनी तेथे उत्खनन करून ती मद्रासला आणविली. त्यांतील बरीच १८५९ मध्ये लंडनला गेली, उरलेली येथे राहिली. जुन्या शिल्पांत बुद्धाची आकृती नाही. रिकामे आसन, बोधिवृक्ष, पावलांचे ठसे एवढ्यावरूनच त्याचे अस्तित्व ओळखावयाचे.

येथे मराठी माणसाने जरा थांबावे. ज्या सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या काळचा लेख अमरावतीला सापडला, त्याच पुळुमावीचे नाव नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखात आहे. पैठणच्या राजकुळाची आठवण अशी दोन्ही समुद्रांच्या बाजूंनी दगडात कोरलेली आहे. आईला हे सांगताच ती म्हणाली, "म्हणजे आपण परक्या ठिकाणी आलेलो नाही."

कांस्यमूर्तींच्या दालनात नागपट्टणचे बुद्ध आहेत. मस्तकावर ज्वाळेसारखे शिखर ही त्यांची खूण. अकराव्या शतकाच्या आरंभी समुद्रापलीकडील श्रीविजयच्या राजाने नागपट्टणला चूडामणी विहार बांधविला आणि शिवभक्त राजराज चोळाने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम् या गावाचे उत्पन्न लावून दिले. लायडन ताम्रपट म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेखात ही हकीकत आहे. त्या परिसरातील विटांचा जुना मनोरा १८६७ मध्ये पाडला गेला. मात्र १८५६ पासून भूमीतून सुमारे साडेतीनशे मूर्ती निघाल्या. त्यांतील एका लहानशा मूर्तीपुढे आईने चपला काढल्या व काचेपलीकडे हात जोडले. पहारेकरी पाहत होता. तो काही बोलला नाही.

बाहेर झाडाखाली डबा उघडला तेव्हा ती गप्प होती. मग म्हणाली, "मूर्ती राहिल्या, माणसे गेली. आपलेही तसेच होईल काय?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? इतिहास एवढेच सांगतो की याच शहरात १८९८ मध्ये अयोत्तिदास पंडितांनी शाक्य बौद्ध संघ स्थापिला. येथील प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांनी १९०७ मध्ये बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि त्याच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. नागपूरच्या वाटेवरचा एक दिवा असा मद्रासेत लागलेला होता.

दुपारी एग्मोर स्थानकाजवळच्या महाबोधी सोसायटीच्या विहारात गेलो. बुद्धगयेला जाणारे श्रीलंकेचे यात्रेकरू येथे उतरतात. पांढऱ्या वस्त्रांतील काही वृद्धा बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते, आईला सिंहली येत नव्हते. त्यांनी त्रिसरण सुरू केले आणि आईने आपल्या विदर्भी उच्चारात सूर मिळविला. पंचशील संपेपर्यंत एकही शब्द चुकला नाही. माझ्या बारा वर्षांच्या मुलाने हळूच विचारले, "आजी, यांना आपली भाषा कशी येते?" आई म्हणाली, "ही त्यांचीही नाही आणि माझीही नाही. म्हणून दोघींची आहे." तो तिच्याजवळ सरकून बसला आणि पुढची वंदना संपेपर्यंत हलला नाही.

वाचकहो, आपण चेन्नईस गेलात तर ध्यानात ठेवा, संग्रहालय शुक्रवारी बंद असते. लहान मुलांना अवश्य न्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांचा प्रश्न आधी विचारून घ्या. आईच्या प्रश्नाचे उत्तर काचेच्या कपाटांतून मिळाले नाही; एका परकीय वृद्धेच्या शेजारी चटईवर मिळाले. मूर्ती जपण्यास संग्रहालये पुरेशी आहेत. शब्द जपावयाचे तर मात्र कोणीतरी शेजारी बसून ऐकणारे लागते.