गळती

तर झालं असं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमच्या गाडीखाली काळा डाग दिसायला लागला. रोज सकाळी रुपयाएवढा. गाडी म्हणजे बाबांची १९९९ची मारुती ८००. हे मॉडेल १९८३मध्ये आलं आणि २०१४मध्ये बंद झालं. आमची मात्र पंधरा वर्षं उलटल्यावरही दर ५ वर्षांनी पासिंग करून चालूच आहे.

खरं सांगू? डाग बघून मला बरंच वाटलं. बाबा ७८ वर्षांचे. त्यांनी आता गाडी चालवू नये असं केव्हापासून मनात होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. एका गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि "सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल" म्हणाला. मी लगेच म्हटलं, "बाबा, विकूनच टाकू या."

बाबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर डिझेल आणि जुना ब्रश घेऊन बसले. सगळं स्वच्छ पुसलं, नीट वाळू दिलं, आणि वर चक्क टाल्कम पावडर भुरभुरली! "आता चालू कर." थोड्या वेळाने पावडरीवर काळी रेघ उमटली. थेट वरून, टॅपेट कव्हरच्या कडेने. तेल वर गळत होतं, ओघळत खाली येत होतं. थेंब पडायची जागा तेवढी आम्हाला दिसत होती.

रबराचं पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालं होतं. नेहमीच्या मेकॅनिकने ते बदललं. ब्रीदरचा पाइपही साफ केला. तो तुंबला की आतला दाब तेलाला बाहेर ढकलतो म्हणे. बोल्ट बेतानेच आवळले. फार आवळले तर नवं पॅकिंगही चेपतं. इंजिन उतरवायची गरजच पडली नाही.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तुला गाडी विकायची होती, की मला थांबवायचं होतं?"

मी मान खाली घातली. मग सांगितलं, "तुम्ही रात्री चालवता ना, मला भीती वाटते."

"मग तसं सांगायचं ना!"

आता ते अंधार पडल्यावर किल्ली माझ्याकडे देतात. दर रविवारी आम्ही दोघं मिळून ऑइलची पट्टी बघतो.

असो. फरशी कोरडी आहे.