दिंड्या

2011 च्या नाथषष्ठीला एका दिंडीबरोबर तो पैठणात आला. काला झाला, हंडी फुटली, राहुट्या उठल्या, टेम्पो भरभरून माणसं आपापल्या गावी गेली आणि हा मागे राहिला. सात-आठ महिन्यांचं, मातकट रंगाचं, डावा कान फाटलेलं पोर. तीन दिवस आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय हुंगत होता. ज्या पायांमागे चालत आला ते शोधत असावा. चौथ्या दिवशी आईने भाकरीचा तुकडा टाकला आणि उंबऱ्याच्या आत यायचं नाही अशी तंबीही दिली. त्याने दोन्ही गोष्टी घेतल्या.

नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. दिंडीतून आला म्हणून दिंड्या.

उंबऱ्याची तंबी त्याने तेरा वर्षं पाळली, पण आपल्या पद्धतीने. सगळा देह ओसरीवर, पुढचे पंजे उंबऱ्याला टेकलेले आणि हनुवटी आतल्या फरशीवर. आई "हूं" म्हणाली की हनुवटी बोटभर मागे जायची. आईची पाठ वळली की बोटभर पुढे. हा खटला रोज चालायचा आणि रोज दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं. संध्याकाळी आई हरिपाठाला बसली आणि टाळ वाजला, की गावात कुठेही असला तरी पळत यायचा. शेजारचे म्हणत, मागल्या जन्मीचा वारकरी आहे. मी म्हणायचो, टाळानंतर खडीसाखर मिळते. त्या वेळी मला असं बोलण्याची फार हौस होती.

2016 च्या पितृपक्षातली गोष्ट मात्र हौसेने सांगण्यासारखी नाही. वडिलांचा म्हाळ होता. भात, वरण, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं आणि कावळा शिवत नव्हता. तास झाला. पाहुणे खोळंबलेले, मी सकाळपासून उपाशी, डोक्यावर भाद्रपदातलं ऊन. मी पाणी प्यायला खाली आलो तेवढ्यात दिंड्या जिना चढून वर गेला आणि त्याने पान साफ केलं. पत्रावळसुद्धा चाटून स्वच्छ. मी कोपऱ्यातली काठी घेतली आणि तीन-चार सपके ओढले. तो पळाला नाही. कान पाडून, पोट जमिनीला चिकटवून पडून राहिला. माझा हात थांबला तो आईच्या आवाजाने.

"कामून मारलंस रं त्याला? पानाबाहेर जे घास काढतो, त्यातला एक कुत्र्याचाच असतो की."

खरंच होतं. गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी असे पाच घास काढायचे असतात. मी कुत्र्याचा घास काढला होता, पानाच्या कडेला नीट ठेवलाही होता, आणि तो खायला कुत्रा आल्यावर त्याला काठीने मारलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर बसलो तर येऊन त्याने माझ्या पावलावर हनुवटी ठेवली. मी त्याच्या अंगावरून हात फिरवला. बरगडीवर, केसांखाली, बोटभर जाडीची एक सुजलेली रेघ हाताला लागली. त्या जागेवर बोट गेलं की कातडी थरथरायची, हनुवटी मात्र हलली नाही.

आणि हे कुठल्या गावात, तर नाथांच्या. पितरांसाठी रांधलेलं अन्न ज्यांनी दारातून जाणाऱ्या भुकेल्यांना वाढलं आणि मग पितर स्वतः पानावर येऊन बसले, अशी ज्यांची कथा आम्ही पैठणकर लहानपणापासून ऐकतो. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं पाणी ज्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, तेही हेच. या कथा ऐकून मान डोलवायला मला कधी अडचण आली नव्हती.

दिंड्याच्या शेवटाबद्दल थोडक्यातच लिहितो. 2024 च्या उन्हाळ्यात तो पाणी फार पिऊ लागला, मग उलट्या, मग भाकरी नको, दूध नको. तोंडाला विचित्र उग्र वास येऊ लागला. पन्नास किलोमीटरवर संभाजीनगरला नेलं. रक्त तपासलं, क्रिएटिनीन नऊच्या पुढे. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा होती. डॉक्टरांनी मला कातडीखाली सलाइन द्यायला शिकवलं. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची, बाटली खिळ्याला टांगायची. पाठीवर पाण्याचा गोळा यायचा आणि तासाभरात हळूहळू पुढच्या पायाकडे उतरायचा. असे पाच आठवडे गेले. श्रावण वद्य द्वितीयेला पहाटे तो उठला, घसटत उंबऱ्यापाशी आला आणि नेहमीच्या जागी हनुवटी टेकून पडला. आईने "हूं" म्हटलं नाही. गोदावरीचं पाणी चमच्याने तोंडात घातलं, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. माणसाला देतात तसंच. तिने हे कुणाला विचारून केलं नाही. परसात कडुनिंबाखाली खड्डा केला, मीठ घातलं, झालं.

त्यानंतर बरेच दिवस मी संध्याकाळी नागघाटावर जाऊन बसत असे. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती हीच जागा, असं आमच्याकडे मानतात. शुद्धिपत्र मागायला आलेल्या या मुलाला पैठणच्या पंडितांनी रेडा दाखवून विचारलं होतं, की तुझा आणि याचा आत्मा एकच का? म्हणजे मी जो प्रश्न घेऊन घाटावर बसलो होतो, तो याच घाटावर सातशे वर्षांपूर्वी विचारून झाला होता.

उत्तर म्हणून सगळ्यांना आठवतात ते वेद. मला ते उत्तर आता पटत नाही. बोलून दाखवलं तरच आत्मा असतो, अशी ती परीक्षा झाली, आणि ती पंडितांनी घातलेली होती. दिंड्या तेरा वर्षांत एक अक्षर बोलला नाही. त्याच कथेत वेदांच्या आधी एक गोष्ट येते, ती आपण घाईने ओलांडतो. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. ती गोष्ट आठवली की माझं बोट त्या बरगडीवरच्या रेघेवर जातं. माझ्या अंगावर तेव्हा काहीच उठलं नव्हतं. तेव्हा प्रश्न दिंड्याला आत्मा होता का हा नाहीच, असं मला अलीकडे वाटतं. त्या म्हाळाच्या दुपारी तो माझ्या ठिकाणी होता का, हे विचारायला हवं.

युधिष्ठिराच्या कुत्र्याचा दाखला मला अनेकांनी दिला. स्वर्गाच्या दारातून त्याला सोडून आत जायला राजाने नकार दिला, हे खरंच मोठं आहे. पण पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला. कुत्रा कुत्रा म्हणूनच आत गेला असता का, हे त्यामुळे कळायचं राहून गेलं. त्यापेक्षा जुन्नर तालुक्यातलं आळे मला जवळचं वाटतं. वेद म्हणणाऱ्या त्या रेड्याची समाधी तिथे आहे. माणसं रांगेने येतात, फुलं वाहतात, आणि आत रेडाच आहे, दुसरं कुणी निघालेलं नाही.

त्या वर्षीच्या म्हाळाला आईने पाच घास काढले. कावळा लगेच शिवला. जेवणं झाल्यावर तिने मला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं. त्याच्या मागल्या पानावर ती घरातल्या गेलेल्यांच्या तिथ्या लिहून ठेवते, आणि दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून घेते. आजोबा, आजी, धाकटे काका, वडील. तिला आता बारीक दिसत नाही, म्हणून पेन माझ्या हातात दिलं. वडिलांच्या खालच्या ओळीत मी लिहिलं : श्रावण वद्य द्वितीया, दिंड्या.