पेट्रोलचा काटा

आमच्या घरच्या मारुती ८०० चा पेट्रोलचा काटा अकरा वर्षं 'ई'वर झोपलेला होता. गाडी १९९७ ची, एमएच ११, रंग एकेकाळी पांढरा. २०१३ च्या दिवाळीच्या सुमारास काट्याने मान टाकली. बाबांनी ते अजिबात मनावर घेतलं नाही. "काट्याच्या भरवशावर काय गाडी चालवायची?" म्हणाले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेला माणूस. त्यांनी एक वही केली.

साधी दोनशे पानी वही. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे चार रकाने. गाडी सोळाचं ॲव्हरेज देते हे एकदा ठरलं की टाकीत किती उरलंय ते बाबा तोंडी सांगायचे. साताऱ्याहून सांगलीला आत्याकडे जायचं म्हणजे कराड, पेठ नाका, आष्टा करत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. निघताना दहा लिटर, परत येताना लागेल तेवढं. टाकी फुल्ल करणं हा प्रकार आमच्याकडे कधी नव्हताच. आई म्हणायची, "सगळं पेट्रोल एकदम घेऊन ठेवायला ते काय गहू आहेत?"

या हिशेबावर गाडी दहा वर्षं चालली, एकदाही रस्त्यात थांबली नाही. २०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन बंद झालं, २०२१ मध्ये पेट्रोल शंभरी पार गेलं. वही चालूच.

मग २०२४ च्या श्रावणात आष्ट्याच्या अलीकडे गाडी थांबली. बाबा एकटेच होते. पाऊस, संध्याकाळची वेळ. एका ट्रॅक्टरवाल्याने पंपापर्यंत नेऊन कॅनमधून पेट्रोल आणून दिलं आणि पैसे घ्यायला तयार होईना. बाबा आत्याकडे सुखरूप पोचले. फोनवर मला एवढंच म्हणाले, "हिशेबात काहीतरी गडबड झाली."

पुढच्या रविवारी मी वही उघडली. जूनपर्यंत सगळं नेहमीचं, टपोऱ्या अक्षरात. जुलैत एकच नोंद दोनदा लिहिलेली, दोन वेगवेगळ्या तारखांना. म्हणजे न भरलेलं दहा लिटर पेट्रोल टाकीत जमा. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे काहीच नाही. मी वही मिटून होती तिथे ठेवली. बाबा समोर पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. पण दोघांनाही कळलं होतं.

ताईचं मत होतं, गाडी विकून टाका. ते चूक होतं असं नाही. पण ८०० विकून जे पैसे आले असते त्यात बाबांचा काय कमी झालं असतं ते भरून आलं नसतं. आणि बाबा चालवतात मात्र उत्तम, अजूनही. मग मी ठरवलं, निदान काटा तरी दुरुस्त करायचा. डोक्यातला हिशेब आता डॅशबोर्डवर आणायला हवा होता.

पोवई नाक्याजवळ एक वायरमन आहेत, जुन्या गाड्यांचं काम अजून करतात. त्यांनी आधी टाकीकडे पाहिलंच नाही. चावी ऑन करून फ्लोटची वायर काढली आणि बॉडीला टेकवली. काटा हळूहळू उठला आणि थेट 'एफ'वर जाऊन बसला! अकरा वर्षांनी. "काटा चांगलाय काका, वायरपण चांगलीय. दुखणं टाकीत आहे."

हे तंत्र इतकं साधं आहे की सांगावंसं वाटतं. टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला पितळी जीभ असते, ती बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत वर-खाली सरकते. टाकी भरली की वाटेत तार थोडी येते, विरोध कमी, करंट जास्त, काटा वर. पेट्रोल उतरलं की तार जास्त, विरोध जास्त, काटा खाली. वायर मध्येच तुटली तर करंटच नाही, म्हणून काटा 'ई'वर. काट्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी करंटने तापून वाकते. ती तापायला वेळ लागतो, म्हणून जुन्या गाड्यांचा काटा सावकाश उठतो आणि घाटात पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाही.

टाकी रिकामी करून, बॅटरी काढून, उघड्यावर खाली उतरवली. (हे घरी करू नका. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ वाईट. हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबची ठिणगीही तिला पुरते.) फ्लोट बाहेर काढला. वायरमननी मल्टीमीटर लावला आणि दांडी हाताने वर उचलली. टाकी भरल्यासारखी दांडी वर असताना आकडा तीन-चार ओहम. हळूहळू खाली आणत गेलो तसा चढत गेला, आणि बरोबर मध्यावर येऊन गायब. तार तिथे झिजून तुटली होती. मध्याच्या खाली सगळा अंधार.

म्हणजे काटा पूर्ण मेलेला नव्हताच. अर्ध्याच्या वरचं त्याला दिसत होतं. पण अकरा वर्षांत आमची टाकी अर्ध्याच्या वर कधी गेलीच नाही! टाकी अठ्ठावीस लिटरची, आमचा मुक्काम तीन ते तेरा. एकदा जरी कुणी फुल्ल केली असती तर काटा उठला असता. वायरमन हसत म्हणाले, "टॅक्सीवाल्यांच्या फ्लोटची तार वर झिजते, घरच्या गाडीची खाली." भिंगातून पाहिलं तर खरंच, वरची वेटोळी नवी कोरी, आणि खालच्या अर्ध्यात जिभेने घासून घासून चर पडलेला. आमच्या घरचा महिनाअखेर तिथे कोरलेला होता.

नवीन फ्लोट शोधू म्हटलं तर वायरमनच नको म्हणाले. जुनाच बसवू. त्यांनी तुटलेली दोन वेटोळी तांब्याच्या केसाएवढ्या तारेने पिळून जोडली, मग जीभ एक मिलिमीटर बाजूला वाकवली, म्हणजे ती चर सोडून न झिजलेल्या जागेवरून चालेल. पट्टी साफ केली, टाकीतला गंज धुतला, रबराचं पॅकिंग नवीन घातलं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल कुठलं, तर आपल्याच कृष्णाकाठच्या उसाचंही असेल त्यात. असो.

नव्या गाड्यांत तारेऐवजी छापलेली पट्टी असते आणि संपर्काला बऱ्याचदा चांदी. त्यांची दुखणी वेगळी. २००४ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेलं आणि कितीतरी गाड्यांचे काटे खोटं दाखवायला लागले. चांदीवर गंधकाचा काळा थर बसला होता. आईच्या हुपरीच्या पैंजणांवर बसतो तोच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग रांगोळीने घासायचे."

टाकी बसवल्यावर खरं काम बाबांनी केलं. जुन्या काट्याला जोडकाम केलेलं, तो कुठे किती दाखवतो ते तपासायला हवं. मापाच्या कॅनने पाच-पाच लिटर ओतायचं, काटा स्थिर व्हायची वाट बघायची आणि वहीत लिहायचं. पाच लिटरला 'ई'च्या जरा वर. दहाला पावाच्या पुढे. जोड दिलेल्या जागी काटा किंचित उडी मारतो, तेही बाबांनी लिहून ठेवलं. पंचवीस लिटर होईपर्यंत दीड तास गेला. टाकी इतकी भरलेली बाबांनीही बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

त्या दीड तासात आम्ही बाकीचंही बोललो. डॉक्टरांकडे जायचं ठरलं, गेलो. काय निघालं ते इथे लिहीत नाही, पण लवकर गेलो ते बरं झालं असं डॉक्टर म्हणाले. सांगलीला आता एकट्याने जायचं नाही, हे बाबांनी स्वतःच सांगितलं. मला म्हणायला लागलं नाही याचं मला आजही बरं वाटतं. गावात मात्र चालवतात, दिवसाउजेडी.

वही अजून चालू आहे. चार रकान्यांच्या शेजारी आता पट्टीने आखलेला पाचवा रकाना आहे, 'काटा' नावाचा. कधी कधी लिटरचा रकाना कोरा राहतो. काट्याचा भरलेला असतो.

तुमच्या घरी आहे का अशी एखादी वही?