सोनीचे डोहाळे

मांजराने जन्म घ्यावा तर शीव कोळीवाड्यात! एकीकडे कोळ्यांची मासळी, दुसरीकडे 1947 च्या फाळणीनंतर येथे वसलेल्या पंजाब्यांचे तळण. हे सारे वैभव खिडकीतून हुंगत आमची सोनी तिसऱ्या मजल्यावर वाढली. पुढे ती वयात आली आणि घरातली झोप उडाली.

मांजरीचा माज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. बोक्याशी गाठ पडल्याखेरीज मांजरीचे बीज सहसा सुटत नाही. त्यामुळे माज ओसरला म्हणावे, तो दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दारी हजर. रात्री दोन वाजता शेजारचे गृहस्थ भिंत ठोकीत. मी शस्त्रक्रियेचा विषय काढला, तशी आई म्हणाली, "मुक्या जिवाचं आईपण काढून घेतोस? एकदा तरी विऊ दे तिला."

एकदा व्याल्याने मांजरीची प्रकृती सुधारते असे काही नाही, हे मला ठाऊक होते. पण आईशी वाद घालण्याचे धैर्य चाळिशीतही माझ्या अंगी आले नव्हते. मी पळवाट काढली. कोणीतरी सुचविलेल्या, माज थांबविणाऱ्या गोळ्या आणल्या आणि बोंबलाच्या तुकड्यातून गुपचूप देऊ लागलो. घर शांत झाले. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

काही महिन्यांनी सोनीचे पोट दिसू लागले. "आलाच शेवटी एखादा बोका!" म्हणत आईने जुन्या लुगड्याची घडी घालून टोपली सजविली. गोळी फसली असे समजून मी गप्प राहिलो. सोनी पाणी फार पिई. आई म्हणे, डोहाळे आहेत. मग एके दिवशी तिने मांदेलीकडेही पाठ फिरविली, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा उठला.

त्याच टोपलीतून तिला टॅक्सीने परळला नेले. दिनशा पेटिटांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव ल्यालेले ते प्राण्यांचे रुग्णालय. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी मात्र अजून बैलघोडा इस्पितळच. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पिलं नाहीत. गर्भाशयात पू झालाय. गोळ्या वगैरे दिल्या होत्या का?"

आई शेजारीच उभी होती.

"हो," मी म्हणालो.

त्या गोळ्यांत गर्भारपणातल्या द्रव्याचीच नक्कल असते. तिने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, पाझरू लागते आणि जंतूंचे फावते. गर्भाशयाचे तोंड मिटलेले असले तर पू बाहेर येत नाही. उघडे असले तरी मांजरी स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात, की घरच्यांना पत्ता लागत नाही. (विलायतेत हौसेने फेरेट पाळतात, पाणमांजराच्या कुळातला लहानसा प्राणी. त्याच्या मादीची गत याहून बिकट. नर भेटला नाही तर तिचा माज महिनोन्‌महिने हटत नाही, आणि त्या माजाच्या द्रव्यानेच हाडांतल्या मगजाचे रक्त घडविण्याचे काम बंद पडून ती दगावू शकते. हे मी पुढे वाचले. आधी वाचायला हवे होते ते वाचले नव्हते.)

शस्त्रक्रिया टळणार नव्हतीच. फक्त निरोग्या मांजरीवर व्हायची ती आता मरणोन्मुख मांजरीवर झाली. एरवी सुतळीएवढ्या असणाऱ्या गर्भाशयाच्या दोन शाखा वेलची केळ्याएवढ्या फुगल्या होत्या. आईने त्या भांड्यात वाकून पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

सोनी वाचली. आईने चार दिवस माझ्याशी अबोला धरला. सोनीशी मात्र बोलणे चालू होते, मांदेलीचा काटा काढून तुकडा तिच्यापुढे धरीत, मला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणे, "खा गं बाई. मी माझ्या हातानं निवडलाय. आत काही नाही."