चार चाकांचा हिशेब

भिवंडीत राहणाऱ्या माणसास ओझ्याचे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. गोदामाकडे निघालेला, एका अंगास कललेला ट्रक दिसला की कोणीही दोन पावले मागे सरतो. परंतु मुळीच न कललेली गाडीही असमतोल असू शकते, हे आम्हांस दाखविले ते आमच्या पुतण्याच्या रेडिओवर चालणाऱ्या खेळगाडीने.

ही गाडी उजवीकडे वळताना हट्टाने सरळ धावे आणि डावीकडे वळताना तिचा मागचा भाग निसटे. पुतण्याने शेजारच्या स्वयंपाकघरांतून चार वजनकाटे गोळा केले व ते सपाट फरशीवर मांडले. बॅटरी बसविली, स्प्रिंगा जागेवर याव्यात म्हणून गाडी दोनचार वेळा दाबली आणि एकेक चाक एकेका काट्यावर ठेवले. पुढचे डावे ४२० ग्रॅम, उजवे ३८०. मागचे डावे ३८०, उजवे ४२०. पुढचा भार ८००, मागचाही ८००. डावीकडे ८००, उजवीकडेही तितकाच.

"मग बिघडले कोठे?" आम्ही विचारले.

"काका, तिरकी बेरीज करा की!"

एक कर्ण ८४०, दुसरा ७६०! तिपाई कधी डुगडुगत नाही. चौथा पाय आला की ही पंचाईत आलीच.

उपाय तर याहून नवलाचा. पुढच्या उजव्या स्प्रिंगवरील कडे त्याने किंचित आवळले. त्या चाकावरचा भार वाढला, तसाच कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या चाकावरचाही वाढला आणि उरलेल्या दोहोंवरचा उतरला. चारही काटे ४०० वर आले. एकूण भार मात्र १६०० होता तो १६००च राहिला.

आम्ही चौघे भाऊ. आईच्या पाळ्या तीन-तीन महिन्यांच्या. बेरीज बिनचूक बारा. परंतु पावसाळा दरवर्षी धाकट्याच्या चौथ्या मजल्यावरील, बिनलिफ्टच्या घरी येतो. तेथे आईचे जिना उतरणेच बंद होते. दिवाळी मात्र आमच्या तळमजल्यावर. ही तिरकी बेरीज कोणी केलीच नव्हती.

यंदापासून प्रत्येकाची पाळी दरवर्षी एक महिना पुढे सरकवावी, असे आम्ही भावांस सुचविले आहे. एकाची सरकली की चौघांची सरकते. बेरीज बाराच राहील. कोणता महिना कोठे काढावयाचा, हे मात्र या वेळी प्रथम आईस विचारावयाचे आहे.