सहा लाल विटा आणि एक हात

वाचकहो, डेन्मार्कच्या नकाशावर बिलुंड हे गाव शोधायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. जटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागी, समुद्रापासून दूर, सपाट माळावर वसलेले हे लहानसे गाव आहे. तेथे रेल्वे जात नाही. वायले या स्टेशनावर उतरून बस धरावी लागते. तरीही या गावाला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. कारण तुमच्या-आमच्या नातवंडांच्या खोलीत ज्या रंगीत विटा पायाखाली येतात, त्या लेगोचे हे जन्मगाव आहे.

नातवंडांना घेऊन तेथे जावे हे कोणालाही सुचेल. मी मात्र तुम्हाला सुचवणार आहे की, जमल्यास घरातल्या एखाद्या आजारातून उठलेल्या ज्येष्ठाला घेऊन जा. आणि जाणे शक्य नसेल, तर तेथे मला जे उमगले ते निदान ऐकून घ्या.

दीड वर्षापूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा परतली, पाऊल परतले. उजवा हात मात्र मागे राहिला. ज्या माणसाने नोकरीची सारी वर्षे आरेखक म्हणून काढली, ज्याच्या हातची रेघ वरिष्ठांना नमुना म्हणून दाखवावीशी वाटे, त्याला सदऱ्याचे बटण लावता येईना. थेरपिस्टनी हाताच्या व्यायामासाठी रंगीत खुंट्यांची पाटी आणि मऊ लगदा दिला होता. ह्यांनी दोन दिवस तो व्यायाम केला आणि पाटी कपाटावर ठेवून दिली. "मला बालवाडीत घालू नकोस," एवढेच म्हणाले. त्यानंतर त्यांची बटणे मी लावू लागले. मग चपातीचा तुकडा मोडून देऊ लागले, पेपरची घडी उलगडून देऊ लागले. पाहता पाहता त्या हाताला करायला काहीच उरले नाही. त्या वेळी याला मी सेवा समजत होते.

आमची लेक आर्हूस शहरात राहते. डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर आम्ही उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो. तेथून बिलुंड मोटारीने सुमारे शंभर किलोमीटर. आठ वर्षांच्या नातीचा हट्ट, म्हणून हे निघाले. गाडीत म्हणाले, "मी बाहेर बाकावर बसेन."

तीनदा जळलेले गाव

बिलुंडच्या मुख्य रस्त्यावर एक विटांचे घर आहे. त्याच्या दाराशी दोन सिंह बसलेले दिसतील. हे ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराचे घर. त्याने 1916 साली येथील सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. 1924 मध्ये मुलांच्या हातून लाकडाच्या भुशाला आग लागली आणि कारखाना व राहते घर दोन्ही जळाले. आज उभे आहे ते त्यानंतर बांधलेले घर. 1932 हे जागतिक मंदीचे वर्ष. बांधकामे थांबली, कामगारांना काढावे लागले आणि त्याच वर्षी पत्नी गेली. पदरी चार मुलगे होते. उरलेल्या लाकडातून तो शिड्या, इस्त्रीची मेजे आणि खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याने 1934 साली कारखान्याचे नाव घडवले: लेगो. 1942 मध्ये कारखाना पुन्हा जळाला, पुन्हा उभा राहिला. 1960 मध्ये लाकडी खेळण्यांचा विभाग जळाला. तेव्हा मात्र लाकूड कायमचे सोडून प्लॅस्टिकच्या विटांवरच लक्ष द्यायचे ठरले.

ही हकीकत लेक वाचून दाखवत होती. हे सिंहांसमोर काठी टेकून उभे होते. काही बोलले नाहीत, पण बाकही शोधला नाही.

विटांचे घर

तेथून थोड्याच अंतरावर 2017 साली उघडलेले लेगो हाउस आहे. बियार्के इंगेल्स यांच्या वास्तुसंस्थेने त्याची रचना केली. एकवीस प्रचंड पांढऱ्या ठोकळ्यांची रास एकमेकांवर रचावी तशी ही सुमारे 12,000 चौरस मीटरची इमारत आहे. ज्येष्ठांबरोबर जाणार असाल, तर सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे गर्दी आणि आवाज कमी असतो. आत लिफ्ट आहे. मधल्या मोकळ्या भागात तिकीट लागत नाही, त्यामुळे दमलेल्या माणसाला तेथे विसावता येते.

जिन्याच्या मधोमध विटांचे एक झाड उभे आहे. उंची पंधरा मीटरांहून अधिक आणि विटा 63 लाखांहून जास्त. नात फांद्यांवरची चित्रे मोजत होती. हे बुंध्याकडे बघत होते. "एवढा भार खाली कसा उतरवला असेल?" झटका आल्यापासून त्यांनी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न असावा.

सर्वांत वरच्या दालनात छतावर आठ गोल झरोके आहेत आणि खाली जगभरच्या प्रौढ रचनाकारांनी केलेल्या कलाकृती मांडलेल्या आहेत. होय, प्रौढांनी केलेल्या. विशिष्ट विषयांचे संच जमवणारी, महिनोन्महिने रचत बसणारी मोठी माणसे जगभर आहेत. रोमचे कलोसियम 9,036 तुकड्यांचे, 'टायटॅनिक' जहाज 9,090 तुकड्यांचे, आयफेल मनोरा 10,001 तुकड्यांचा, असे संच निघतात आणि त्यांच्या खोक्यांवर 'अठरा वर्षांवरील' असे छापलेले असते. ते अक्षर ह्यांनी दुकानात दोनदा वाचले. माझ्या मनात कपाटावरची खुंट्यांची पाटी आली. व्यायाम तोच; पण त्या पाटीने त्यांना लहान केले होते आणि या खोक्याने मोठे मानले होते.

सहा विटा

लेगो हाउसमध्ये एक यंत्र तुमच्यासमोर विटा घडवते. प्रत्येक पाहुण्याला आठ उंचवट्यांच्या सहा लाल विटा आणि एक कार्ड मिळते. कार्डावर त्या सहा विटांची एक जोडणी छापलेली असते, दुसऱ्या कोणाला न दिलेली. अशा सहा विटा 91,51,03,765 प्रकारांनी जोडता येतात. तेव्हा पाहुणे संपतील, जोडण्या संपणार नाहीत.

ही वीट जवळून पाहा. 1949 पासून कारखान्यात विटा होत होत्या, पण त्या आतून पोकळ असल्याने एकमेकींना नीट धरून राहत नसत. ओले कर्कच्या मुलाने, गॉटफ्रेडने, विटेच्या पोटात नळ्या बसवण्याची युक्ती 28 जानेवारी 1958 रोजी पेटंटसाठी नोंदवली. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेच्या उंचवट्यांना घट्ट पकडतात. साचे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांपर्यंत अचूक असावे लागतात. कारण पकड सैल झाली तर मनोरा ढासळेल आणि फार घट्ट झाली तर लहान मुलाला वीट सोडवता येणार नाही. त्या वर्षीची वीट आजच्या विटेत बसते.

आम्ही एका मेजाशी बसलो. ह्यांनी डाव्या हाताने एक वीट धरली आणि दुसरी उजव्या चिमटीत घेतली. ती निसटून खाली पडली. नातीने उचलून दिली. पुन्हा पडली. ओठ घट्ट मिटले गेले. हा राग मला ओळखीचा होता. नेहमीप्रमाणे माझा हात पुढे गेला.

"आजी, तू नको ना करू," नात म्हणाली. "कार्ड आजोबांचं आहे."

मी हात मागे घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हाताने धरून ठेवला. वाचकहो, रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला सांगते, त्या वीस मिनिटांत मी जेवढे श्रम केले तेवढे रुग्णालयातल्या रात्रींतही केले नव्हते. वीट आठ-नऊ वेळा पडली. एकदा उलटी बसली. त्यांनी ती स्वतःच ओळखली, नखाने उचकटून काढली. सहावी वीट बसली तेव्हा बारीकसा 'टक' आवाज आला. त्यांनी कार्ड शेजारी धरून ताडून पाहिले, जसा पूर्वी नकाशा तपासत. मग नातीला म्हणाले, "मोज बरं, बरोबर आहे का?"

दीड वर्ष मी त्यांना धरूनच होते, पण माझी पकड फार घट्ट झाली होती. त्यातून त्यांना सुटता येत नव्हते. हे मला कोणत्याही डॉक्टरांनी सांगितले नसेल असे नाही; बहुधा सांगितले होते, मी ऐकले नव्हते.

दुपारी आम्ही जवळच्या लेगोलँडमध्ये गेलो. हे उद्यान 7 जून 1968 रोजी उघडले. उन्हाळ्यातही माळावरचा वारा बोचतो, म्हणून कानटोपी सोबत असू द्या. तेथील छोट्या नगरात कोपनहेगनचा नीहाव्न हा रंगीत घरांचा धक्का विटांत उभा केलेला आहे. "प्रमाण काय असेल?" ह्यांनी विचारले. वीसास एक, असे कळल्यावर ते बराच वेळ खिडक्या मोजत राहिले.

घरी करून पाहायचे असेल तर

प्रथम आपल्या डॉक्टरांना किंवा थेरपिस्टना विचारा. विटा रचणे हा औषधाला किंवा नेमून दिलेल्या व्यायामाला पर्याय नाही. त्याला जोड आहे.

मोठ्या विटांपासून सुरुवात करा. डुप्लो प्रकारची वीट साध्या विटेच्या दुप्पट लांब, रुंद व उंच असते आणि दोन्ही एकमेकींत बसतात, म्हणून पुढे लहान विटांकडे जाणे सोपे होते. महागडा संच लगेच आणू नका. मोठ्या झालेल्या नातवंडांच्या जुन्या विटा मागून घ्या.

काठ असलेल्या ताटात काम करा आणि ताटाखाली ओलसर फडके घाला, म्हणजे ते सरकत नाही आणि तुकडे घरंगळत नाहीत. रंगांप्रमाणे वाट्यांत निवडणे हेच पहिल्या आठवड्याचे काम समजा. जमिनीवर पडलेला तुकडा लगेच उचला. वृद्ध पावलाखाली तो धोक्याचा असतो.

प्रकाश भरपूर हवा. सूचनापुस्तिकेतील चित्रे बारीक वाटली, तर टॅबलेटवर मोठी करून पाहा. दृष्टी मंद झालेल्यांसाठी काही संचांच्या ऐकून करण्याच्या सूचनाही मिळतात.

एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. खांदा उचलला जात असेल, बोटे दुखत असतील, तर थांबा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला लहान तुकडे देऊ नका; तोंडात घातले जाण्याची भीती असते. मोठ्या विटा द्या आणि जवळ बसा.

जवळ बसा, पण हात आवरा. मागितल्याशिवाय मदत करू नका. हे सर्वांत अवघड आहे.

चौथा मिनार

परतताना लेकीने वडिलांना ताजमहालाचा संच दिला. 2,022 तुकडे. पुण्यात आमच्या जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग गेले चार महिने शाहजहानच्या ताब्यात आहे. आधी तळघरातील थडगी, मग दालन, मग कमानी, घुमट आणि शेवटी चार मिनार. एकच मिनार चारदा करायचा, म्हणजे बोटांची तीच हालचाल शेकडो वेळा; पण त्याला ते व्यायाम म्हणत नाहीत, बांधकाम म्हणतात. दिवाळीत सोसायटीची मुले किल्ला करत होती, तेव्हा हे खाली जाऊन बुरुजाचा उतार कसा द्यावा ते सांगून आले.

हात पूर्वीसारखा झालेला नाही, आणि होईलच असे मी तुम्हाला सांगणार नाही. रेघ अजून थरथरते. चौथा मिनार बाकी आहे. मी घाई केली की म्हणतात, "शाहजहानला वीस वर्षं लागली. तू चार महिन्यांत कंटाळलीस?"

सदऱ्याची वरची बटणे अजून मीच लावते. खालची दोन ते स्वतः लावतात. त्याला पाच-सहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालते आणि मागे वळून पाहत नाही.