कॅमेरा आकाशाकडे, मोजणी जमिनीची

अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. पण उपग्रहांवरून जागा आणि उंची काढणारं डीजीपीएसचं यंत्र तिवईवर चढवून मोकळ्या मैदानात उभं केलं आणि काही दुरुस्ती न करता त्यावरची उंची वाचली, तर आकडा ५८०-५९०च्या घरात येतो. सर्वेक्षण शिकणारी मुलं हा आकडा पाहिला की यंत्र बिघडलंय असं सांगत येतात. यंत्र ठणठणीत असतं. ते उंची मोजतं ती गणिताने ठरवलेल्या गुळगुळीत, लंबगोल पृथ्वीपासून. आणि खऱ्या समुद्राची पातळी आपल्या भागात त्या गणिती पृष्ठभागाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. दक्षिणेकडे जावं तशी ही खळगी खोल होत जाते. श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात, ती शंभर मीटरांच्याही खाली उतरते. जगात इतकी खोल खळगी दुसरीकडे कुठे नाही. जहाज तिच्यावरून जातं तेव्हा खलाशाला काही जाणवत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाच्या लेखी ते पाणी सपाटच असतं.

समुद्राची ही पातळी जमिनीखालूनही पुढे नेली असं मानलं, की जो उंचसखल पृष्ठभाग तयार होतो त्याला आमच्या भूमापनशास्त्रात जिऑइड म्हणतात. हा विषय पुस्तकी वाटतो, पण आपल्या जिल्ह्यात तो पाण्याइतका जवळचा आहे. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेचे कालवे आखले गेले ते लेव्हलच्या यंत्राने, आणि लेव्हलच्या नळीतला बुडबुडा गुरुत्वाकर्षणाचं ऐकतो. पाणीही त्याचंच ऐकतं. उपग्रहावरून काढलेली उंची मात्र ऐकत नाही. ती निव्वळ भूमिती आहे. ज्या कालव्याचा उतार किलोमीटरमागे काही सेंटिमीटर असतो, तो या भूमितीवर थेट आखता येत नाही. आधी जिऑइडची दुरुस्ती करायची, मग आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, लिहायची. ही दुरुस्ती आज संगणक क्षणात करून देतो. तिच्यामागे कोण राबलं, हे मात्र अभ्यासक्रमात कुठेच येत नाही. म्हणून हा लेख.

जहाजांवरून केलेल्या गुरुत्वमापनातून आपल्या समुद्रातल्या या खळगीची चाहूल आधी लागली होती. पण सबंध पृथ्वीचा उंचसखलपणा एका चित्रात आला तो उपग्रहांमुळे. आणि सुरुवातीच्या वर्षांत त्या चित्राचा मोठा भाग फोटोच्या फिल्मवरून, रात्री जागून, मोजून काढलेला होता.

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळला गेला. त्या काळात आपण उपग्रह सोडू असं अमेरिकेने १९५५मध्येच जाहीर केलं होतं. त्याच वर्षी फ्रेड व्हिपल स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले. व्हिपल धूमकेतू आणि उल्कांचे जाणकार. दोन ठिकाणांहून एकाच उल्केचा फोटो घ्यायचा, कॅमेऱ्यापुढे फिरती झडप ठेवून तिच्या रेघेचे तुकडे पाडायचे आणि त्यावरून तिचा वेग काढायचा, हे काम त्यांच्या हाताखाली आधीच झालेलं होतं. उपग्रह म्हणजे त्यांच्या दृष्टीने पुन्हा पुन्हा येणारी, सावकाश चालणारी उल्काच. वर गेलेली वस्तू रेडिओ संदेश देत असेल तोवर रेडिओवर सापडेल. बॅटरी संपल्यावर ती फक्त डोळ्यांना सापडेल, हे त्यांनी ओळखलं. पुढे नेमकं तेच झालं. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक या उपग्रहाचा आवाज तीन आठवड्यांत बंद पडला, स्पुटनिक मात्र ४ जानेवारी १९५८पर्यंत फिरत होता.

व्हिपल यांची योजना दुपदरी होती. आधी माणसांनी उपग्रह शोधायचा, मग कॅमेऱ्यांनी तो मोजायचा. माणसांच्या कामाला ‘मूनवॉच’ नाव मिळालं आणि १९५६पासून हौशी निरीक्षकांचे गट उभे राहू लागले. मैदानात एक उंच खांब, त्याला आडवी दांडी, आणि खांबाच्या रेषेत दक्षिणोत्तर मांडलेली टेबलं. प्रत्येक टेबलावर ५ सेंटिमीटर भिंगाची छोटी दुर्बीण, साडेपाच पट मोठं दाखवणारी, पण बारा अंशांचं आकाश एकदम कवेत घेणारी. शेजारच्या दोन दुर्बिणींची क्षेत्रं एकमेकींवर थोडी चढलेली असत, त्यामुळे डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर एक कुंपणच तयार होई. उपग्रह कुठूनही आला तरी कुंपण ओलांडणारच. ज्याच्या दुर्बिणीत ठिपका आला त्याने त्या क्षणी खूण द्यायची. वेळ रेडिओच्या ठोक्यांसह टेपवर उमटायची. सोव्हिएत संघातही विद्यापीठांच्या आवारात अशीच कुंपणं उभी होती, तशाच छोट्या दुर्बिणींची, आणि त्यांची व्यवस्था आल्ला मासेविच या खगोलशास्त्रज्ञ बाईंकडे होती. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्हीकडचे हौशी लोक एकाच पद्धतीने एकाच आकाशाकडे पाहत होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

४ ऑक्टोबर १९५७ला स्पुटनिक गेला आणि साऱ्या आखणीला धक्का बसला. अमेरिकेने आपला उपग्रह विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंशांपर्यंत फिरेल असं धरून केंद्रांच्या जागा ठरवल्या होत्या. स्पुटनिकची कक्षा ६५ अंशांची. शिवाय त्या दिवसांत लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिला तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हताच. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा अंधाऱ्या आकाशातही जेमतेम दिसेल इतका मंद होता. झळकत होता तो त्याच्यामागे फिरणारा रॉकेटचा मोठा भाग. जुन्या माणसांनी ‘स्पुटनिक पाहिला’ म्हटलं तर त्यांना खोटं पाडू नये. त्यांनी इतिहास पाहिला होता, फक्त त्याचा दुसरा तुकडा.

आता कॅमेऱ्याकडे येतो, कारण माझ्या विषयाचा खरा नायक तोच. भिंगरचना जेम्स बेकर यांची, यांत्रिक बांधणी जोसेफ नन यांची, म्हणून नाव बेकर-नन. पुढे ५० सेंटिमीटरचं तीन भिंगांचं दार, आत ७८ सेंटिमीटरचा आरसा, नाभीय अंतरही ५० सेंटिमीटरच, म्हणजे प्रकाश ओढून घेण्यात जवळपास बेजोड. एका चित्रात ५ अंश रुंद आणि ३० अंश लांब आकाशाची पट्टी. फिल्म सिनेमास्कोप चित्रपटांची, आणि ती वक्र पृष्ठभागावर ताणून बसवावी लागे. सगळं मिळून तीनेक टनांचा जिन्नस, आणि तो तीन अक्षांवर वळायचा, कारण उपग्रहाची वाट ताऱ्यांच्या वाटेशी जुळत नाही. तिच्या कलाने कॅमेरा फिरवावा लागतो. असे बारा कॅमेरे बारा ठिकाणी गेले: न्यू मेक्सिको, फ्लोरिडा, हवाई, कुरासाव, पेरू, अर्जेंटिना, स्पेन, दक्षिण आफ्रिका, इराणमधलं शिराझ, जपान, ऑस्ट्रेलियातलं वूमेरा, आणि आपलं नैनिताल.

नैनितालची वेधशाळा तेव्हा नुकतीच रुजत होती. उत्तर प्रदेश सरकारने ती १९५४मध्ये वाराणसीत सुरू केली आणि लवकरच कुमाऊंच्या डोंगरात हलवली. तिची सूत्रं वेणू बाप्पू यांच्याकडे होती. हार्वर्डमध्ये शिकताना १९४९मध्ये त्यांनी एक धूमकेतू शोधला होता, म्हणजे व्हिपल यांच्याच अंगणातला हा माणूस. वय तिशीच्या आसपास. इराण आणि जपान यांच्यामधल्या मोठ्या पट्ट्यात डोळा हवा होता, आणि नैनितालचं २९ अंश अक्षांश व्हिपल यांच्या पट्ट्यात चपखल बसत होतं. मनोरा शिखरावर, १,९५० मीटर उंचीवर, कॅमेरा बसला आणि १९५८पासून भारत या जाळ्याचा भाग झाला. बाप्पू १९६०मध्ये कोडाईकनालला गेले, पुढे कावलूरची वेधशाळा उभारली. नैनितालचं काम सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू राहिलं. पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढग. पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात आकाश असं की युरोपातल्या केंद्रांना हेवा वाटावा.

तिथलं काम कसं चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या केंब्रिजहून, व्हिपल यांच्या वेधशाळेकडून, तारेने भाकीत यायचं: अमुक वेळी अमुक दिशेला अमुक उपग्रह. दिवस मावळलेला हवा, पण उपग्रह उन्हात हवा, म्हणून संधिप्रकाश सरल्यानंतरचे आणि पहाटेच्या आधीचे काही तास एवढाच मोसम. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की संपलं. फोटो निघताना झडप रेघेचे तुकडे पाडायची आणि त्याच फिल्मवर घड्याळाचा चेहराही छापला जायचा. फिल्म तिथेच धुवायची, ताऱ्यांच्या नकाशावर ठेवून ढोबळ जागा काढायची, ती तारेने कळवायची. आणि मूळ फिल्म केंब्रिजला पाठवायची. तिथे सूक्ष्ममापन यंत्राखाली शेजारच्या ताऱ्यांच्या आधाराने ती दोन-तीन विकलांपर्यंत (आर्कसेकंदांपर्यंत) मोजली जायची. हजार किलोमीटरवर एक विकला म्हणजे सुमारे ५ मीटर.

पण दिशा अचूक असून भागत नाही. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो. घड्याळात एका मिलिसेकंदाची चूक म्हणजे साडेसात मीटरांची चूक. वेळेचा रेडिओ संकेत ३,००० किलोमीटरवरून यायला १० मिलिसेकंद घेतो. ते वजा करायला विसरलं तर उपग्रह ७५ मीटर सरकला. म्हणून प्रत्येक केंद्रात स्फटिकाचं घड्याळ होतं आणि त्याची निगा कॅमेऱ्याइतकीच कसोशीने घेतली जाई. मी विद्यार्थ्यांना सांगतो की थिओडोलाइटने जमीन मोजताना घड्याळ खिशात राहिलं तरी चालतं. उपग्रह मोजताना घड्याळ हेच अर्धं यंत्र असतं.

एवढ्या खटाटोपातून मिळालं काय? मार्च १९५८मध्ये गेलेला व्हॅनगार्ड-१ अवघा साडेसोळा सेंटिमीटर व्यासाचा आणि दीड किलोचा होता. बेकर-नन कॅमेऱ्यांनी तो हजारो किलोमीटरवरून टिपला. पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्यामुळे त्याच्या कक्षेचं प्रतल दिवसाला सुमारे ३ अंश पश्चिमेकडे सरकत होतं. हे सरकणं महिनोन्‌महिने मोजत गेल्यावर पृथ्वीचा चपटेपणा कळला. तोवर नकाशांत १/२९७ हा आकडा चालत होता. नवा आकडा १/२९८.२५च्या जवळ आला. फरक किरकोळ दिसतो, पण विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या त्रिज्यांमधली तफावत त्याने ९० मीटरांनी बदलते. १९५९मध्ये जॉन ओ’कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उपग्रहाच्या कक्षेवरून दाखवलं की पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण गोलार्ध सारखे नाहीत. मग एकेक बारकावा उलगडत गेला. १९६६मध्ये स्मिथसोनियनने सगळ्या केंद्रांची निरीक्षणं एकत्र करून ‘स्टँडर्ड अर्थ’ हे प्रारूप प्रसिद्ध केलं. आपल्या दक्षिणेकडची खळगी अशा प्रारूपांत ठळक दिसते. भारताचे जुने टोपोशीट ज्या एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेले होते, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मानकापेक्षा ८६१ मीटरांनी कमी आहे. एकोणिसाव्या शतकात साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन हिंडलेल्या माणसांनी काम चोख केलं होतं. त्यांच्याकडे फक्त भारत होता, सबंध पृथ्वी नव्हती.

हवेचंही तसंच. स्मिथसोनियनच्या लुइजी याकिया यांनी कक्षांतल्या बदलांवरून दाखवलं की वरच्या वातावरणाची घनता सूर्याच्या २७ दिवसांच्या परिवलनाबरोबर कमी-जास्त होते. सूर्य खवळला की वातावरण फुगतं आणि उपग्रहाला जास्त घासतं. जुलै १९७९मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा अपेक्षेआधी खाली आली त्यामागे हेच कारण होतं. ती कुठे पडणार या धास्तीने महाराष्ट्रातली गावंच्या गावं जागली होती. साठीच्या पुढच्या वाचकांना ते दिवस आठवत असतील.

या कामाचं आणखी एक अपत्य दुर्बीणवाल्यांच्या हातात रोज असतं. फिल्मवरची जागा काढायला ताऱ्यांच्या भरवशाच्या जागा हव्यात, म्हणून वेगवेगळ्या याद्यांना एका सूत्रात आणून २,५८,९९७ ताऱ्यांची सूची १९६६मध्ये निघाली. एखाद्या ताऱ्याच्या नावापुढे एसएओ क्रमांक दिसला तर तो उपग्रहांच्या पाठलागातून आलेला आहे हे लक्षात असू द्यावं.

साठच्या दशकात दुसरी वाटही रुंदावली. दोन केंद्रांनी एकाच क्षणी एकच उपग्रह ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर टिपला, तर त्या दोन केंद्रांमधल्या रेषेची दिशा सापडते, मध्ये महासागर असला तरीही. १९६६मध्ये सोडलेला पेजिओस हा तीस मीटरांचा चकचकीत फुगा त्यासाठीच होता. विल्डच्या कॅमेऱ्यांनी ४५ केंद्रांवरून त्याचे फोटो घेऊन सगळे खंड एका त्रिकोणजाळीत बांधले. विल्डचा टी-२ थिओडोलाइट हाताळलेल्या आमच्या पिढीला ते नाव घरच्यासारखं वाटतं. मग लेसर आला, अंतर थेट मोजता येऊ लागलं आणि फिल्म मागे पडली. मूनवॉच १९७५मध्ये थांबलं. आज उलटा प्रवाह दिसतो: कक्षेतला कचरा इतका वाढलाय की त्यावर नजर ठेवायला दुर्बिणी पुन्हा लागत आहेत, आणि इस्रोच्या ‘नेत्र’ प्रकल्पातही त्या आहेत.

दिवाळीनंतर पावसाळी ढग सरतात आणि आपल्या जिल्ह्यातलं आकाश वर्षातलं सर्वांत चांगलं असतं. शाळा-महाविद्यालयांना एक प्रयोग सुचवतो. एक गट भंडारदऱ्याला, दुसरा जामखेडला. सरळ रेषेत अंतर सुमारे १८५ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक संध्याकाळी जिल्ह्यावरून जाणार असेल तो दिवस निवडावा. दोन्हीकडे कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून, ठरवून दिलेल्या एकाच सेकंदाला झडप उघडावी आणि एकाच सेकंदाला मिटावी. स्थानक साधारण ४२० किलोमीटर उंचीवर असतं, त्यामुळे ते माथ्यावर असताना दोन फोटोंमधली त्याची जागा ताऱ्यांच्या तुलनेत वीस अंशांहून अधिक सरकलेली दिसेल. रेघेची टोकं ताऱ्यांच्या नकाशावर बसवली की उरतो तो एक त्रिकोण, आणि तो अकरावीच्या त्रिकोणमितीने सुटतो. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवर मिळवलेलं असलं तरी कॅमेऱ्याचं नसतं. म्हणून आदल्या रात्री प्रमाणवेळेच्या घड्याळाचाच एक फोटो काढून कॅमेरा किती मागे-पुढे आहे ते वहीत लिहून ठेवावं, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा तपासावं.